लेक आली तो शनिवार

वडील : अगं, पण मी कसा जाऊ? दहाला माझा वर्ग आहे. सोमवारी पोरांची इंग्रजीची परीक्षा. नापास झाली तर कारखाना या शिकाऊ पोरांना ठेवणार नाही.

आई : आणि मी कशी जाऊ? बारा वाजता साठ ताटं वाढायची आहेत. तुम्हाला खडू खाली ठेवून जाता येतं. मी काय हा टोप डोक्यावर घेऊन विमानतळावर जाऊ?

वडील : मग कुणाला तरी पाठवू. तो व्हॅन चालवतो ना, आपला उंच्या? त्याच्या हातात पाटी देतो. मी मराठीत तिचं नाव लिहितो, ठसठशीत. झालं.

आई : चार वर्षांनी पोटची पोर येतेय, आणि तिला घ्यायला पाटी धरून परका माणूस उभा! तुमचं तुम्हाला तरी ऐकू येतंय का?

वडील : परका कसा? पाच वर्षं आपल्याकडे जेवतोय.

आई : आपल्याकडे जेवला म्हणून तिचा कोण लागला तो?

वडील : ...बटाटे अजून किती सोलायचे?

आई : विषय बदलू नका. अर्धं पोतं. आणि सालं पातळ काढा, तुम्ही अर्धा बटाटा सालीबरोबर टाकता.

वडील : डाळीत मीठ घातलंस?

आई : घातलं. म्हणजे... घातलं ना?

वडील : दोनदा घातलंस.

आई : पाहिलंत आणि बोलला नाहीत?

वडील : तुझा चेहरा पाहिला, मग नाही बोललो.

आई : आण ते चार बटाटे इकडे... आणा म्हणते. टाका डाळीत, खारटपणा ओढून घेतील. काय करू, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ती का येतेय तेच कळत नाही. फोनवर म्हणाली, 'समोर बसून बोलायचंय.' पंधरा वर्षं फोनवर भागलं, आता एकदम समोर बसून?

वडील : लग्नाचंच असणार. दुसरं काय? मुलगा ठरला, महिना ठरला. आता गाणी कुठली, वचनं कुठली, ते विचारायला येत असेल. मी तर प्रवचनाचं टिपणसुद्धा काढून ठेवलंय.

आई : कसलं प्रवचन?

वडील : लग्नाचं! माझ्या लेकीचं लग्न मी नाही लावायचं तर कोणी? आधी तिचा हात धरून तिला आत न्यायचं, मग चार पायऱ्या चढून, झगा घालून, तिथं लग्न लावायचं. बापही मीच, पाळकही मीच. सगळं चर्च बघत राहील.

आई : तिनं तसं सांगितलंय?

वडील : त्यात सांगायचं काय?

आई : तेही खरं. पाच वर्षं आणखी इथं राहायचा मिशनचा फॉर्मसुद्धा तुम्ही मला न सांगताच भरलात.

वडील : तुझ्या सहीची जागा मोकळी ठेवलीय.

आई : उपकार झाले.

वडील : हे बघ, अकराला वर्ग सोडतो. विमान बाराला. टॅक्सी करतो आणि स्वतः जातो. मग तर झालं?

आई : शब्द द्या.

वडील : दिला.

आई : तसा नाही. सुरी खाली ठेवून, माझ्याकडे बघून द्या.

वडील : दिला गं बाई. अकरा म्हणजे अकरा.

(पावणेअकरा. खाली टायरच्या दुकानात हवा भरायचं यंत्र धडधडतंय. वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या दारात, पाठीवर पिशवी घेतलेली लेक.)

लेक : इतका जाड कोबी कोण चिरतं गं?

आई : कोण... अगं बाई! तू? तुझं तर बाराचं—

लेक : आधीचं विमान मिळालं. हात धू आधी, डाळीनं भरलेत. ...नाहीतर राहू दे. ये अशीच.

आई : किती वाळलीस! थांब, नीट बघू दे. केस कधी कापलेस? सांगितलं नाहीस. पप्पा भेटले का?

लेक : भेटले नाहीत. दिसले.

आई : म्हणजे?

लेक : जिन्यावरून येताना वर्गाचं दार उघडं होतं. पप्पा फळ्यावर लिहीत होते. वळले, मला बघितलं. हसले. मग असं बोट वर केलं. दोन मिनिटं.

आई : आणि?

लेक : पंचवीस झाली. बसले होते जिन्यात. मग म्हटलं, वास कुठून येतोय तिकडे तरी जाऊ.

आई : थांब, कानाला धरून आणते त्यांना. मला शब्द दिलाय त्यांनी!

लेक : आई, नको. शिकवू दे. मला राग नाही आला. उलट हसायला आलं. दुसरं काही त्यांनी केलं असतं तर मी जिना चुकले असं वाटलं असतं मला.

आई : बस बाई तू. पाणी पी. खुर्ची पुसते.

लेक : बसले की माझ्याच्यानं बोलवणार नाही. काहीतरी चिरायला दे. ती सुरी दे.

आई : जपून. आमच्या वेल्डर पोरीनं कालच धार लावून आणलीय. मामा कसे आहेत? गुडघे?

लेक : कुरकुरतात. मामा नाही, गुडघे. मामीनं तुझ्यासाठी शाल पाठवलीय. आणि निरोप. म्हणाली, 'विचार तुझ्या आईला, लष्कराच्या भाकऱ्या भाजून हात दुखले नाहीत का अजून.'

आई : वहिनी बोलणारच. तिला हक्क आहे.

वेल्डर मुलगी : आई, ताटं खाली उतरवू का?

आई : उतरव. पन्नास स्टीलची आणि दहा ती प्लास्टिकची. फुटका पेला बाजूला काढ गं, परवा एकाचा ओठ कापला.

वेल्डर मुलगी : बरं, आई.

लेक : ...काय म्हणाली ती?

आई : ताटं उतरवू का म्हणाली. गुणी आहे पोरगी. वेल्डिंग शिकते, दिवसभर ठिणग्यांत उभी असते आणि शनिवारी इथं—

लेक : ते नाही. इथली भाषा मला येत नाही, त्यामुळे मला तिच्या बोलण्यातला एकच शब्द कळला. पहिला.

आई : ...सगळीच म्हणतात तसं.

लेक : साठही?

आई : सरांना सर म्हणतात. मला... पहिल्या वर्षी एका पोरीनं विचारलं, तुमच्या भाषेत कसं म्हणतात? मी सांगितलं. तिनं दुसरीला सांगितलं. मग जी नवी बॅच येते ती त्याच नावानं ओळखते. काहींना तर ते माझं नावच वाटतं. टपाल येतं तसं!

लेक : नको म्हणायचं होतंस.

आई : म्हणणार होते. जीभ उचलली नाही. तेव्हा वर्ष झालं होतं, तो शब्द माझ्या कानावर पडला नव्हता.

लेक : का? मी—

आई : तू बारा वर्षांची होतीस. फोन वाजला की मागच्या दारानं बाहेर जायचीस. वहिनी सांगायची, खेळायला गेलीय. दर रविवारी खेळायला. मी फोन कानाला धरून तुमच्या घरातल्या पंख्याचा आवाज ऐकत बसायचे.

लेक : ...मला आठवतंय. मी खेळायला जात नव्हते. संडासात जाऊन कडी लावून बसायचे.

आई : ठाऊक होतं मला.

लेक : मामीला फार वाटायचं, मी तिला आई म्हणावं. कधी बोलली नाही ती. पण माझ्या मैत्रिणी घरी आल्या आणि 'तुझी आई' म्हणाल्या की ती दुरुस्त करायची नाही, माझ्याकडे बघायची. मीच दुरुस्त करायचे. 'मामी आहे.' प्रत्येक वेळी. तिचं तोंड एवढंसं व्हायचं. तरी मी नाही म्हटलं, आई. मी तुझ्यावर रागावले होते तेव्हासुद्धा. तो शब्द मी जपून ठेवला होता. आणि तू इकडे ताटाबरोबर वाटत होतीस.

आई : वाफ गेली डोळ्यात, काही नाही.

लेक : रडू नकोस. कांदा तरी मी चिरत नाहीये.

आई : ओरड माझ्यावर. वहिनीनं नाही ओरडू दिलं, पप्पा ओरडू द्यायचे नाहीत. ओरड. खालचं यंत्र चालू आहे, कुणाला ऐकू जाणार नाही.

लेक : ओरडायचं विमानात ठरवून आले होते. आता येत नाहीये.

वडील : आली का माझी राणी! अगं, दोन मिनिटं म्हटलं आणि तू गायब! क्रियापदाची तिसरी रूपं चालली होती, मधे सोडली असती तर सगळ्यांनी सोमवारी तिथंच माती खाल्ली असती. बघू, बघू. बारीक झालीस. की केसांमुळे वाटतेय?

आई : साडेअकरा वाजलेत.

वडील : हो, पण आता विमानतळावर जायचंच नाही ना! वेळ वाचला.

आई : ऐक. ऐक तुझ्या बापाचं.

वडील : बरं, जावईबापू कसे आहेत? ऑर्गन दुरुस्त करतात ना? चर्चचा ऑर्गन बिघडला म्हणून आले आणि आमची लेकच घेऊन चालले! हे वाक्य मी प्रवचनात घातलंय. लोक हसतील. त्यानंतर मात्र गंभीर भाग आहे, तो तुला आत्ता वाचून दाखवू का?

लेक : पप्पा, जेवणं होऊ देत. मग बोलू.

वडील : जेवणं दीडपर्यंत चालतील. आत्ता मोकळा आहे मी. बोल, बोल. गाणी ठरली?

आई : अहो, ती म्हणतेय ना मग—

लेक : नाही, आई. बोलूनच टाकते. पप्पा, मला मामांचा हात धरून आत जायचंय.

वडील : मामांचा? ...पण त्यांचे गुडघे—

लेक : हळू चालतील. मला घाई नाही.

वडील : बरं. बरं, ठीक आहे. तसंही दोन्हीकडे मी कसा पुरणार? मी मग आधीपासून वरच उभा राहतो. तिथून तुम्हाला येताना बघेन. हे जास्त चांगलं.

लेक : लग्न आमचे तिथले पाळक लावतील.

वडील : ते? ते तर तोतरे बोलतात.

लेक : हो. मला टायफॉइड झाला होता ना, नववीत, तेव्हा ते रोज संध्याकाळी यायचे आणि तसंच तोतरं बोलत गोष्ट वाचून दाखवायचे. एकवीस दिवस. मी फोनवर सांगितलं होतं तुम्हाला.

वडील : आणि मी?

लेक : तुम्ही वडील आहात.

वडील : ते मला ठाऊक आहे. पण म्हणजे मी करायचं काय?

लेक : तेच मला माहीत नाही, पप्पा. पत्रात लिहून पाहिलं, जमलं नाही. फोनवर सांगणार होते, भ्याड वाटलं. म्हणून आले.

आई : भात लागला! वास येतोय! अहो, गॅस बंद करा, त्या बाजूचा, त्या बाजूचा! ए, वरचा वरचा उपसून घ्या, खालचा हलवू नका. जिन्यात पोरं उभी राहिलीत. चला, उठा दोघं. तू डाळ घे. ओगराळं भरून एक, जास्त नाही. तुम्ही भात वाढा.

वडील : मला नाही—

आई : वाढा म्हणते.

* * *

आई : साठ ताटं, आणि आज तुम्ही पहिल्या वीसजणांनाच चाळीसांचा भात वाढलात. शेवटच्यांना मी ब्रेड दिला.

वडील : हात चालत होता, लक्ष नव्हतं.

लेक : पप्पा, तो टोप द्या माझ्याकडे. भांड्याला भोक पडेल.

वडील : करपलेलं निघत नाहीये.

लेक : भिजत ठेवा ना.

वडील : भिजत ठेवायला वेळ कुठाय? ...हे बघ, मला एक सांगू दे. समजावत नाही, नुसतं सांगतो. पहिल्या हिवाळ्यात माझ्या वर्गात एक पोरगा बाकावरून खाली पडला. आम्हाला वाटलं फिट. दोन दिवस काही खाल्लं नव्हतं त्यानं. एवढंच. तुझ्या आईनं दुसऱ्या दिवशी डाळ-भात आणला वर्गात. तिथून सुरू झालं हे. बाकी मी वचनं शिकवली, प्रार्थना शिकवल्या, काही पोरांनी घेतल्या, काहींनी नाही. पण या खोलीतून कुणी उपाशी गेलं नाही. मला देवानं इथं बोलावलं, याबद्दल मला कधी शंका आली नाही.

लेक : मलाही नाही.

वडील : मग?

लेक : बोलावलं ते तुम्हाला. मला मागे ठेवून या, असं तो म्हणाला होता का?

वडील : ...नाही. ते मी म्हणालो.

आई : आपण म्हणालो.

वडील : नाही, तू गप्प होतीस. मी म्हणालो. एक खोली, अंगावर येणारी थंडी, भाषेचा गंध नाही. म्हटलं, दोन वर्षं. दोन वर्षांनी नेऊ. आणि मी आलो होतो हं, तुला न्यायला. अगं, खरंच आलो होतो. तिकीट होतं तुझं. तू वहिनीच्या पदराआड गेलीस आणि म्हणालीस, 'हे काका कधी जाणार?'

लेक : मी असं म्हणाले?

वडील : मी हसलो तेव्हा. सगळेच हसले. रात्री तुझ्या मामांना म्हटलं, राहू दे इथंच, रुळलीय.

लेक : मी तेरा वर्षांची होते, पप्पा! तेरा वर्षांच्या पोरीला कळतं 'काका' कुणाला म्हणतात ते. मुद्दाम म्हणाले असेन. तुम्ही मला ओढून न्यायचं होतंत. मी किंचाळले असते, चावले असते, आणि टॅक्सीत बसल्यावर गप्प झाले असते.

वडील : मला वाटलं, मी तुझं मन राखतोय.

लेक : हो. आणि मला वाटलं, तुम्ही मनात 'बरं झालं, सुटलो' म्हणालात.

आई : ...कुणी तो पंखा लावा जरा. नाहीतर नको. मी बोलून घेते. तुमचा तो फॉर्म आहे ना, त्यावर मी आत्ता सही करणार नाही.

वडील : आता तू पण?

आई : ऐका तर. मी तिच्याबरोबर परत जातेय. याच विमानाचं तिकीट नाही मिळालं तर पुढच्यानं. लग्न तीन महिन्यांवर आहे. तीन महिने मी तिच्या खोलीत राहीन, तिला राग येईपर्यंत. ती कामाला जाते त्या डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन माझे डोळे तपासून घेईन. वहिनीच्या हाताखाली काम करीन, ती सांगेल ते. ती म्हणाली भांडी घास, तर भांडी. सही करायची का नाही ते त्यानंतर.

लेक : आई, मी तुला न्यायला नाही आले.

आई : नकोय का मी?

लेक : तसं नाही म्हटलं.

आई : मग झालं.

वडील : आणि इथं? शनिवारी साठ पोरं जिन्यात उभी राहतील, त्यांना काय सांगू?

आई : सांगायचं काय त्यात? तुम्ही रांधा. वेल्डर पोरीला सगळं येतं, ती सांगेल तसं करा. डाळ मी वहीत लिहून ठेवते.

वडील : मला साधा चहा येत नाही!

आई : मला तरी कुठं येत होती ही भाषा? आल्यावर शिकले.

लेक : पप्पा, तुम्ही चिडलात का?

वडील : नाही. ...हो. मामांवर. काय चूक आहे त्यांची, काहीच नाही, तरी. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींची लग्नं लावली. बाप पोरीला घेऊन यायचा, तिचा हात सोडायचा आणि मागे सरायचा. मी म्हणायचो, 'आता आपण बसा.' तो कुठे जाऊन बसतो ते मी कधी बघितलं नाही. माझं लक्ष पुस्तकात.

लेक : पप्पा.

वडील : अं?

लेक : मला तुम्ही तिथं हवे आहात. हे सांगायचं राहिलं. मी फक्त काय नको तेवढंच सांगत बसले.

वडील : येणार आहे मी. ते काही विचारायला नको. एक आठवडा आधी येतो. म्हणजे... यांची दुसरी परीक्षा असते त्या सुमाराला. पण ती घेईल कुणीतरी. उंच्या घेईल, पास होऊन तीन वर्षं झाली त्याला.

आई : ऐकलं हं मी. सुरी खाली ठेवून बोलताय.

वडील : हातात घासणी आहे, सुरी नाही. ...मला एक सांग, बाळा. झगा नको, पुस्तक नको, तुझा हातही मामांच्या हातात. मग मी बसायचं कुठं?

लेक : पहिल्या बाकावर. आईला आत सरकू दे, तुम्ही कडेला बसा, वाटेच्या बाजूला. मी तिथूनच जाणार आहे.

वडील : मला चर्चमध्ये बसायची सवय नाही गं.

लेक : माहितेय.